मुदत एक्क्याण्णव दिवस

(रंगमंचावर एक खुर्ची. निवृत्त केंद्र सरकारी कारकून नाना बगलेत कागदांचे बाड घेऊन प्रवेश करतात.)

रसिकहो, कचेरीतील यच्चयावत टेबलांची प्रदक्षिणा करून माझ्या थकबाकीची जी एक लाखाची रक्कम अखेर फाल्गुनात माझ्या पदरी पडली, तिचा विनियोग मृगापूर्वी गच्चीची गळती थांबविण्याकडे व्हावा, असा ठराव आमच्या सौभाग्यवतींनी मांडला आणि त्यांनीच तो एकमताने संमतही केला. प्रश्न उरला मधल्या तीन महिन्यांचा. (श्रोत्यांकडे रोखून) अहो, आम्ही कचेरीत जन्मभर बसलो. पैशाने तरी बसून राहू नये!

मेव्हणे म्हणाले, "शेअर घ्या, नाना. पावसाळ्याच्या आत दामदुप्पट!"

"आणि पडले तर?"

"तर ती दीर्घ मुदतीची गुंतवणूक समजायची."

पोस्टाच्या मुदतठेवीला सहा महिन्यांच्या आत हात लावता येत नाही, आणि मृग काही पोस्टाचे नियम वाचून बरसत नाही. बँकेत पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण, हे खरे. पण ठेव मुदतीआधी मोडली की बहुधा व्याजाला कात्री.

तेव्हा मी वळलो ट्रेझरी बिलाकडे! रिझर्व्ह बँक दर बुधवारी लिलाव करते. सहा टक्क्यांचा दर धरला, तर आज ९८,५२६ रुपये भरावेत आणि ९१ दिवसांनी पुरते एक लाख मोजून घ्यावेत. म्हणजे पाहा, ज्या सरकारात माझी थकबाकी 'विचाराधीन' या शेऱ्याखाली दोन दिवाळ्या निजून होती, त्याच सरकारने माझ्याकडून उसने घ्यायचे आणि ठरल्या तारखेस बिनतक्रार फेडायचे! (सद्गदित होऊन) त्या १,४७४ रुपयांपेक्षा हा सूडच मला अधिक किफायतशीर वाटला.

सर्व पर्यायांचे खुलासेवार टिपण, तीन प्रतींत, मी सौभाग्यवतींपुढे मंजुरीस्तव ठेवले. त्या भाजी निवडीत होत्या.

"अहो, गवंड्याला जोडखात्यातून कालच पैसे दिले. आगाऊ दिले म्हणून दोन हजार सोडले त्याने."

(बोटांवर हिशेब करतात. पुन्हा करतात.)

दोन हजार! एका दिवसात! बिनलिलावाचे!

ती रक्कम सांप्रत तांदळाच्या डब्यात ठेवीदाखल जमा आहे. मुदत जाहीर झालेली नाही. मात्र मुदतपूर्व मागणी केल्यास जबर दंडाची तरतूद असल्याचे सौभाग्यवतींच्या मुद्रेवरून स्वच्छ वाचता येते.