मागच्या दोन पायांवर

इटालियन भाषेत 'रांपांते' असा एक शब्द आहे. फेरारीच्या बिल्ल्यावर मागच्या दोन पायांवर उभा असलेला घोडा 'रांपांते'. आणि १९८०च्या दशकात मिलानमध्ये सूट चढवून भराभर वर निघालेला तरुण, तोही 'रांपांते'. घोड्याला चिकटायला निदान फेरारी तरी होती. याच्या गाडीचे तर अजून हप्ते चालू होते.

या प्राण्याचं दर्शन घ्यायचं तर कार्लो व्हान्झिनाचा १९८६चा 'यप्पीज' हा चित्रपट बघावा. त्याच वर्षी दुसरा भागही आला. घाई हा तर यांचा कुळधर्मच.

यांचं आराध्यदैवत म्हणजे फियाटचे मालक जान्नी आन्येल्ली. ते घड्याळ मनगटावर न बांधता शर्टाच्या बाहीवरून बांधत. झालं! भक्तांनी कारखाना सोडला, भांडवल सोडलं आणि नेमकी बाही उचलली. आता सकाळी आरशासमोर याची साधना चालते. घड्याळ बाहीवर चढवायचं, कोटाची बाही बोटभर मागे सारायची आणि हात असा उचलायचा, की समोरच्याला घड्याळ दिसावं. किती वाजले ते समोरच्यानेच सांगावं. स्वतःचं घड्याळ बघायला याला वेळ कुठे असतो?

हिवाळ्यात स्वारी बर्फातल्या कोर्तिना गावाला जाते. बर्फावर घसरायला जातो म्हणून सांगतो, पण खुर्ची टाकून उन्हात बसतो. सोमवारी ऑफिसात चेहरा रापलेला आणि डोळ्यांभोवती गॉगलचा पांढरा ठसा दिसला, की हॉटेलचे पैसे वसूल! न रापता परतला तर गेल्यासारखं वाटायचंच नाही.

गंमत पुढेच आहे. 'यप्पीज'मधल्या चौकडीतला एक नट क्रिस्तियन डी सिका, म्हणजे दिग्दर्शक विट्टोरिओ डी सिकांचा मुलगा. वडिलांनी १९४८ साली 'बायसिकल थीव्ज' काढला. त्यातल्या घरात अंथरुणाच्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवतात, कारण सायकल नसेल तर भिंतीवर पोस्टरं चिकटवायची नोकरीही नाही. चिरंजीवांच्या चित्रपटातला पिंड वेगळा. हा चादरी शाबूत ठेवतो आणि झोप गहाण टाकतो. त्या घरच्या कर्त्याला सायकल पोटासाठी हवी होती, याला गाडी सिग्नलसाठी हवी असते. शेजारच्या गाडीतल्याने वळून बघितलं नाही, तर इतका वेळ उभं राहून मिळवलं काय?

त्या काळी एका कडवट मद्याच्या जाहिरातीने या शहराला 'प्यायचं मिलान' करून टाकलं होतं. प्यायला सगळेच होते. बिल आलं ते १९९२च्या फेब्रुवारीत, लाचखोरीच्या चौकशीच्या रूपाने. तेव्हा मात्र पुष्कळांनी आपलं टेबल दुसरंच असल्याचं सांगितलं.

आपला गडी त्यांतही नसावा. लाच द्यायलाही आधी हप्ते फिटावे लागतात. तो अजून आरशासमोरच उभा असेल, मागच्या दोन पायांवर. खाली टेकावं असं त्यालाही वाटत असणार. पण पुढचे पाय टेकले की बाहीवरचं घड्याळ मळतं ना!