अर्धी गाडी

आमच्या इमारतीत एक निवृत्त मोटरमन राहतात. संध्याकाळी जुहू चौपाटीवर फिरायला येतात आणि ठरलेल्या बाकावर बसतात. परवा त्यांनी मला त्या बाकावर बसून डीसी लोकल चालवून दाखवली.

तळहात हवेत दाबून धरला. बोटाच्या पेरानं बाकाच्या लाकडावर एक टकटक. थांबले. मग लागोपाठ तीन-चार. "आता मोटारी सिरीजमध्ये, एकीमागे एक जोडलेल्या आहेत. गाडीनं रेटा घेतला." तोंडानं हलकी गुणगुण सुरू झाली आणि हळूहळू चढत गेली. पुन्हा टकटक. "आता पॅरलल, शेजारीशेजारी. आता धावेल." विलेपार्ल्याहून सुटलेली गाडी सांताक्रूझच्या दिशेनं वेग घेताना मला स्पष्ट ऐकू आली. समोर लाटा होत्या, मागे भेळवाले होते, आणि मधे ती गाडी.

"काका, हात उचलला तर?"

"हँडल वर येतं आणि ब्रेक लागतो. मोटरमनला काही झालं तरी मागची माणसं वाचली पाहिजेत. म्हणून हात दाबूनच ठेवायचा. पूर्ण फेरीभर."

मुंबईनं हा आवाज 91 वर्षं ऐकला. 3 फेब्रुवारी 1925 ला बोरीबंदर ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी हार्बर मार्गावर धावली. तेव्हाचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी तिला निरोप दिला. तारेत 1500 व्होल्टची डीसी वीज होती. पश्चिम रेल्वेनं 2012 च्या फेब्रुवारीत डीसी सोडून 25,000 व्होल्टची एसी वीज घेतली, आणि 2016 च्या एप्रिलमध्ये, 9 तारखेच्या रात्री, हार्बरवर शेवटची डीसी लोकल धावली. आज या शहरात ती गाडी तिच्या स्वतःच्या मोटारींवर कुठेही चालत नाही. उरलीय ती एका म्हाताऱ्या माणसाच्या बोटांत.

हे मला मान्य नाही.

तार बदलली, ते योग्यच झालं. 1500 व्होल्टवर गाडीला ताकद हवी असेल तर करंट प्रचंड ओढावा लागतो. त्यासाठी जाडजूड तांब्याच्या तारा लागतात आणि थोड्या थोड्या अंतरावर सबस्टेशनं लागतात. 25,000 व्होल्टवर तेवढ्याच ताकदीला साधारण सोळावा हिस्सा करंट पुरतो. गाड्या वाढवायच्या, डबे नवाचे बारा आणि बाराचे पंधरा करायचे, तर डीसी सोडावीच लागणार होती. रोज दारात लटकणाऱ्या माणसाला आठवणींपेक्षा जादा डबा महत्त्वाचा. त्या निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. तार बदलताना त्या तारेवर जगणाऱ्या गाडीचं काय करायचं, याचा विचार आपण केला नाही.

वाफेचं इंजिन आपली आग पोटात घेऊन फिरतं. कोळसा घाला, पाणी भरा, रूळ दाखवा, की निघालं. शंभर वर्षांचं इंजिन दुरुस्त करून त्याच्या मापाच्या कुठल्याही रुळावर चालवता येतं, म्हणून जगभर वाफेच्या गाड्यांचं कौतुक टिकलं. विजेच्या गाडीचं तसं नाही. तिचा अर्धा जीव डब्याखालच्या मोटारीत असतो आणि अर्धा डोक्यावरच्या तारेत. छतावरचा पेंटोग्राफ उचलला आणि वर तिची वीज नसेल, तर ती गाडी म्हणजे पत्र्याची खोली. लोकल सेवेतून काढून यार्डात उभी केली, रंग दिला, पाटी लावली, फीत कापली, तरी आपण अर्धीच गाडी जपलेली असते. उरलेली अर्धी भंगारात गेलेली असते, आणि ती गेल्याचं कोणाला कळतही नाही.

इंजिनांचं थोडं तरी बरं झालं. घाटात मालगाड्या ओढणारं, चाकांना दांडे जोडलेलं, 1928 पासून आलेलं ते लांबोडकं विजेचं इंजिन रेल्वेची माणसं 'खेकडा' म्हणून ओळखत. त्यातला एक खेकडा दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, एक आपल्या वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात. शाळेच्या सहली येतात, मुलं फोटो काढतात, पुढे जातात. कसारा घाट चढताना तो कसा कण्हत असे, हे त्या मुलांना कोण सांगणार? इंजिन समोर आहे आणि गप्प आहे.

लोकलच्या वाट्याला तर तेवढंही प्रेम आलं नाही. इंजिनाला नाव असतं, नंबर असतो, शौकीन असतात. 1961 मध्ये चित्तरंजनला बनलेल्या पहिल्या भारतीय विद्युत इंजिनाला 'लोकमान्य' नाव मिळालं. लोकलच्या डब्याला कोण नाव देणार? रेल्वेच्या हिशेबात त्याचं आयुष्य पंचवीस वर्षांचं. ते भरलं की डबा सेवेतून बाद.

पण हे शहर त्या डब्यानं घडवलं. 5 जानेवारी 1928 ला कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली. त्याआधी वाफेच्या गाड्या होत्याच, पण झटकन वेग घेणारी, झटकन थांबणारी, दोन्ही टोकांनी चालणारी, इंजिन फिरवत बसावं न लागणारी गाडी आली आणि अंधेरी, पार्ले, मालाड, बोरिवली ही गावं रोज जाऊन-येऊन राहण्याजोगी झाली. जुहूला स्टेशन नाही. तरी जुहूतला माणूस सकाळी रिक्षानं नाहीतर बसनं पार्ले किंवा अंधेरी गाठतो आणि त्याच रुळावर उभा राहतो. ताजमहाल पाहायला माणूस आयुष्यात एकदा जातो. लोकलच्या डब्यात मुंबईकर आयुष्याची वर्षं घालवतो.

आणि जुहूला तर यंत्र कसं जपायचं हे माहीत आहे.

योगायोग बघा. ज्या 1928 साली बोरिवलीला विजेची गाडी पोचली, त्याच साली जुहूचा विमानतळ सुरू झाला. 15 ऑक्टोबर 1932 ला जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे एका इंजिनाच्या छोट्या 'पस मॉथ' विमानानं याच जुहूला उतरले. त्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा भाषणं करून भागवता आलं असतं. पण 1982 मध्ये, 78 व्या वर्षी, जे.आर.डी. स्वतः जुन्या 'लेपर्ड मॉथ' विमानात बसले आणि कराचीहून पुन्हा जुहूला उतरले. त्या दिवशी जुहूनं जुनं विमान आकाशात पाहिलं, त्याचा आवाज ऐकला. यंत्राचा मान असा राखतात. विमानासाठी जे जमलं, ते रुळावर का जमू नये?

जगात जमवलं आहे. न्यूयॉर्कच्या सबवेत डिसेंबर आला की 1930 च्या काळातले डबे बाहेर निघतात आणि नेहमीच्या तिकिटात लोक त्यातून फिरतात. लंडनच्या भुयारी रेल्वेत 1938 च्या बनावटीची गाडी अधूनमधून धावते. त्यांना ते सोपं जातं, कारण तिथली वीज बदललेली नाही. जुनी गाडी नव्या रुळावर ठेवली की तिला तिचं अन्न मिळतं. जिथे ते मिळत नाही तिथे ब्रिटनचेही हाल होतात. तिथल्या बहुतेक वारसा-रेल्वेंवर विजेची सोय नाही, म्हणून जुन्या विजेच्या गाड्या डिझेल इंजिनामागे ओढल्या जातात, नाहीतर नुसत्या उभ्या राहतात. कॉव्हेंट्रीजवळ खास विजेच्या गाड्यांचं संग्रहालय होतं. तेही विमानतळाशेजारीच. 2017 मध्ये ते बंद पडलं आणि गाड्यांना दुसरी घरं शोधावी लागली.

आपली अडचण ब्रिटनसारखी आहे, न्यूयॉर्कसारखी नाही. 25,000 व्होल्टच्या तारेखाली डीसी लोकलचा पेंटोग्राफ उचलता येणार नाही. मग काय करायचं?

तार सोबत न्यायची.

बॅटरीची वीज डीसीच असते. जुन्या लोकलच्या मोटारीही डीसीच्या. दोघींचं गोत्र एक. एक मोटर कोच आणि दोन ट्रेलर, म्हणजे तीन डब्यांचं एक युनिट घ्या. एका ट्रेलरमध्ये बॅटऱ्या बसवा, विजेचा दाब जरूर तेवढा वाढवा, आणि वीज त्याच जुन्या कंट्रोलरमधून, त्याच रेझिस्टन्समधून, त्याच मोटारींना द्या. ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसरही त्याच विजेवर चालवा. ताशी शंभर किलोमीटरचा वेग नको. पंधरा-वीसच्या वेगानं एक किलोमीटर जायचं आणि परत यायचं. तेवढ्यात सिरीज ऐकू येते, पॅरलल ऐकू येते, डब्यातला पंखा फिरतो, कड्या हलतात. गाडी पूर्ण होते.

हे करायचं तर तीन गोष्टी आताच कराव्या लागतील.

पहिली: जे युनिट वाचवायचं त्याच्या पोटाला हात लावायचा नाही. बाहेरून चकाचक रंग आणि आतून मोटारी, केबल, कंट्रोलर काढून नेलेले, अशी गाडी आधीच मेलेली असते. रंग नंतर देता येतो. मोटार एकदा भंगारात वितळली की परत येत नाही.

दुसरी: माणसं. कुर्ला, कळवा, कांदिवलीच्या कारशेडमध्ये ज्यांनी रात्र रात्र जागून हे कंट्रोलर उघडले, कॉन्टॅक्ट घासले, त्यातले कितीतरी घरी बसलेत. माटुंग्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले आहेत. त्यांना महिन्यातून दोन रविवार बोलवा. त्यांच्या हाताखाली आयटीआयची मुलं उभी करा. कुठला कॉन्टॅक्ट कधी चिकटतो, हे पुस्तकात नसतं. ते बोटांत असतं, आणि ती बोटं म्हातारी होत चालली आहेत.

तिसरी: एक किलोमीटर रूळ. मुंबईत माणसाला राहायला जागा नाही, गाडीला कुठून देणार, असं कोणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे. म्हणून मी मोकळी जमीन मागत नाही. वर्कशॉपच्या आवारातली बाजूची लाइन चालेल. मुंबई बंदराची स्वतःची रेल्वे 1915 पासूनची आहे. पूर्व किनाऱ्याच्या नव्या आराखड्यांत तिचा एक तुकडा बागेसारखा राखता येईल. तिथे वर तार नसली तरी बिघडत नाही, तार गाडीच्या पोटातच आहे.

खर्च होईल. पण चालत्या गाडीचा खर्च लोक उचलतात, हे आपल्याला माथेराननं शिकवलं आहे. 1907 ची ती दोन फुटी गेजची गाडी. 2005 च्या पावसानं तिचा मार्ग उद्ध्वस्त केला, तरी पुन्हा बांधून ती सुरू केली. पुढेही बंद पडली, पुन्हा सुरू झाली. प्रत्येक वेळी लोकांनी विचारलं, गाडी कधी सुरू होणार? बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली वनराणी ही छोटी गाडी 2021 च्या तौक्ते वादळात बंद पडली, तेव्हा आमच्या उपनगरातल्या मुलांनी हेच विचारलं. चौथऱ्यावर उभ्या केलेल्या इंजिनाबद्दल असा प्रश्न कोणी विचारत नाही. ते कधीकाळी चालत होतं, हेच लोक विसरून गेलेले असतात.

पहिल्या विजेच्या गाडीची शंभरी 2025 मध्ये झाली. फुलं झाली, फलक झाले. पण पश्चिम उपनगरांची शंभरी अजून यायची आहे. 5 जानेवारी 2028 ला कुलाबा-बोरिवलीच्या विजेच्या गाडीला शंभर वर्षं होतील. जुहू विमानतळालाही त्याच वर्षी शंभर. मध्य आणि पश्चिम, दोन्ही रेल्वेंनी मिळून त्या दिवशी तीन डब्यांची एक डीसी लोकल एक किलोमीटर चालवून दाखवावी. स्वतःच्या मोटारींवर. मागून धक्का देऊन नाही, पुढून ओढून नाही.

मी हे बाकावरच्या मोटरमन काकांना सांगितलं. ते बराच वेळ समुद्राकडे बघत बसले. मग म्हणाले, "चालवायला मला देणार नाहीत. वय झालं. पण पहिल्या डब्यात बसेन. सिरीजमधून पॅरललला जाताना त्या पोरानं घाई केली तर मला तिथूनच कळेल."

मग उठले. इतका वेळ दाबून धरलेला हात आता कुठे त्यांनी उचलला.