बिघाडाची बदली

आमच्या १९९४ सालच्या मारुती ८०० ला गिअर चार आणि सोलापूर-पुणे रस्त्याला लागतात पाच, हा सिद्धान्त आमच्या घरात पहिल्यांदा चिरंजीवांनी मांडला. चिरंजीव पुण्यात असतात. पुण्यात थोडी वर्षं काढली की माणसाला सोलापूरच्या प्रत्येक गोष्टीत एक गिअर कमी दिसायला लागतो. "बाबा, मोहोळ सोडलं की गाडी रडायला लागते. विका आता," तो म्हणाला. गाडी रडायची हे खरं होतं. तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं इंजिन चौथ्या गिअरमध्ये किती काळ हसतमुख राहणार? म्हणून भंगारवाल्याकडे चौकशी करून आलो. त्याने सांगितलेल्या रकमेत घरातल्या प्रत्येकाला एकेक सोलापुरी चादर आली असती, तीही डबलची नव्हे, सिंगलची.

वास्तविक दोष गाडीचा नव्हे, जन्मवेळेचा. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची किल्ली पहिल्या मालकाच्या हातात दिली आणि १८ जानेवारी २०१४ ला शेवटची ८०० कारखान्यातून बाहेर पडली. या तीस वर्षांच्या संसारात २००० सालच्या सुमाराला कंपनीला पाच गिअरची ८०० सुचली. आमची गाडी जन्माला यायला पाच-सहा वर्षं थांबली असती तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण सरकारी नोकरी आणि मारुती यांच्या बाबतीत त्या काळी नंबर लागला की घेऊन टाकायची पद्धत होती.

शेजारच्या अण्णांना गाडी विकायचं चाललंय हे कळलं आणि प्रकरण माझ्या हातातून गेलं. अण्णांनी उमेदीची वर्षं गिरणीत जॉबर म्हणून काढली. १८७७ साली जुनी मिल सुरू झाल्यापासून सोलापुरात मागांची दुखणी काढणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या. विलायती माग बिघडला तर लँकेशायरहून सुटा भाग येईपर्यंत वाट बघत बसणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यामुळे जगातला कुठलाही भाग जगातल्या कुठल्याही यंत्रात बसतो, फक्त कानस हातात हवी, अशी अण्णांची श्रद्धा आहे.

"पाच गिअरवाल्या ८०० चा गिअरबॉक्स आणायचा, तुमच्या गाडीत टाकायचा. कंपनी तीच, इंजिन तेवढंच. बसतंय की ओ साहेब!"

सोलापुरात "बसतंय की" म्हटलं की तांत्रिक चर्चा संपली असं धरतात. आठवड्याच्या आत एक गिअरबॉक्स गोणपाटात गुंडाळून आमच्या ओसरीवर हजर झाला. "अहो, हे तेल गळणारं काय आणलंत?" असं सौ.नी विचारलं. मी म्हणालो, "पाचवा गिअर." त्यावर त्यांनी गिअरबॉक्सखाली जुनं वर्तमानपत्र सरकवलं आणि त्या आत गेल्या. आमच्या घरात मंजुरीची हीच पद्धत आहे.

गॅरेजवाल्या चाचांनी गिअरबॉक्स चढवला. तो खरोखरच बसला. अडलं ते शाफ्टवर.

मारुतीसारख्या गाडीत पुढची चाकंच गाडी ओढतात आणि तीच वळतातही. इंजिन आडवं ठेवून सगळी शक्ती पुढच्या चाकांना द्यायची ही मांडणी १९५९ च्या मिनी गाडीने रूढ केली. अ‍ॅलेक इसिगोनिस नावाच्या अभियंत्याने इवल्याशा गाडीत चार माणसांना जागा करून दिली, आणि नंतरच्या बहुतेक छोट्या गाड्या त्याच वाटेने गेल्या. या मांडणीत गिअरबॉक्सपासून प्रत्येक चाकापर्यंत एकेक लोखंडी दांडा जातो, तो ड्राइव्ह शाफ्ट. आमच्याकडे त्याला सरसकट एक्सल म्हणतात. काम ऐकायला सोपं आहे, फिरायचं. पण चाक खड्ड्यात खाली जातं, गतिरोधकावर वर येतं, चाटी गल्लीत शिरताना पूर्ण कडेला वळतं, आणि या सगळ्या कसरतीत फिरण्याचा वेग कणभरही कमीजास्त होता कामा नये.

वाकड्या कोनातून फिरणं पोहोचवण्याची युक्ती जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या कार्दानो नावाच्या इटालियन विद्वानाचं आणि सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकचं नाव तिला चिकटलं आहे. ट्रक-जीपच्या प्रोपेलर शाफ्टला जो क्रॉस असतो तो हाच. त्याची खोड अशी की कोन मोठा झाला की दुसरा दांडा एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. म्हणून जीपला दोन क्रॉस लावतात. एकाची खोड दुसरा झाकतो. वळणाऱ्या चाकाला हे चालत नाही. त्यावर १९२० च्या दशकात अल्फ्रेड रझेपा या अभियंत्याने सहा पोलादी गोळ्यांचा जॉइंट काढला. गोळ्या नेहमी कोनाच्या बरोबर मधोमध राहतात, त्यामुळे वेग सारखा राहतो. बाहेर रबरी बूट, आत काळं ग्रीस. बूट फाटला की ग्रीस बाहेर जातं, सोलापूरची धूळ आत येते आणि पूर्ण वळण घेताना गाडी कटकट वाजू लागते. चाचांना कार्दानोही माहीत नाही आणि रझेपाही नाही, पण ते गाडी नुसती गल्लीत वळताना ऐकतात आणि आतूनच ओरडतात, "मालक, गोल्यां गये!"

तर आमचा पेच असा होता. नव्या गाडीचा शाफ्ट गिअरबॉक्समध्ये गपकन बसला, पण त्याचं दुसरं टोक आमच्या चाकाच्या हबमध्ये जाईना. जुना शाफ्ट हबमध्ये लोण्यासारखा जात होता, पण गिअरबॉक्स त्याला दारात उभं करीना. शाफ्टच्या टोकाला दाते असतात. दात्यांची संख्या, जाडी आणि घडण या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात; दोन जुळल्या म्हणून तिसरी माफ होत नाही. चाचा एका हातात नवा आणि दुसऱ्या हातात जुना शाफ्ट घेऊन उभे राहिले. "मालक, अंदर का सिरा बैठरा, भार का नै बैठरा. इसका उल्टा हिसाब है."

अण्णांनी लगेच तोडगा काढला. दोन्ही शाफ्ट मधून कापायचे. नव्याचं आतलं अर्ध, जुन्याचं बाहेरचं अर्ध, मध्ये वेल्डिंग. गरज पडली म्हणून त्यांनी सोलापूरचा अभिमानही मैदानात उतरवला. "अहो, आपल्या गावातली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स १९९२ पासून देशोदेशीच्या गाड्यांसाठी शाफ्ट बनवते. आता तर जुन्या छोट्या मालवाहू गाड्यांचं अख्खं इंजिन काढून तिथे बॅटरी-मोटार बसवतात ते. आणि तुम्ही एका दांड्याला भिताय?" कॅमशाफ्ट इंजिनाच्या आत बसून व्हॉल्व्हची उघडझाप सांभाळतो आणि ड्राइव्ह शाफ्ट बाहेर राहून चाक फिरवतो, हे सांगायचा मी प्रयत्न केला. अण्णा म्हणाले, "फिरतात की दोघंबी."

आम्ही दोन्ही शाफ्ट घेऊन अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका लेथवाल्याकडे गेलो. त्याने ते हातात घेतले, नखाने टोकरले, आणि कापण्याची गोष्ट काढताच खाली ठेवले. त्याचं म्हणणं असं: शाफ्टचं पोलाद वरून मुद्दाम कडक केलेलं असतं आणि गाभा जरा चिवट ठेवलेला असतो, म्हणून तो पीळ सहन करतो. वेल्डिंगची धग लागली की शेजारचा कडकपणा जातो आणि जोड मात्र ठिसूळ होतो. असा शाफ्ट गॅरेजच्या दारात गाडी चालवून दाखवतो, आणि तुटायला टेंभुर्णीच्या पुढे एखादा ट्रक मागे लागलेला असतानाचा मुहूर्त निवडतो. "मी जोडून देतो," तो म्हणाला, "पण गाडीत मी नाही बसणार." त्या दिवशी अण्णा परतीच्या वाटेवर काही बोलले नाहीत, घराजवळ आल्यावर "पूर्वीचे टर्नर असे नव्हते," एवढंच म्हणाले.

मग चाचांनी सरळ मार्ग काढला. शाफ्ट नव्या गाडीचा हवा, तर हबही नव्या गाडीचाच आणायचा. हब आणला, तर त्याला त्याचंच बेअरिंग हवं. बेअरिंगला त्याचंच घर हवं. घर आणलं, तर ब्रेकची डिस्क म्हणाली, मला का मागे ठेवलंत? शेवटी चाकामागचा सगळा सांगाडाच दोन्ही बाजूंनी भंगारातून आला. आमच्या जुन्या गाडीचा एक्सलचा नट तीस वर्षांत कुणी हलवला नव्हता. पान्याला लांब लोखंडी पाइप जोडून त्यावर चाचांच्या हाताखालचं पोरगं उभं राहिलं, मग पोरावर चाचांनी हात ठेवला, मग नट हलला.

लांबीची परीक्षा शिल्लक होती. शाफ्ट लांब असेल तर चाक वर दबल्यावर जॉइंट आत ठोसतो. आखूड असेल तर चाक लोंबकळताना टोक सुटून येतं. चाचांनी गाडी जॅकवर घेतली, चाक खाली सोडलं, वर दाबलं, डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवलं, आणि दर वेळी शाफ्ट हाताने फिरवून पाहिला. आमच्या गल्लीतले गतिरोधक नगरसेवकाच्या घरापुढे दोन आणि शाळेपुढे एकही नाही, अशा धोरणाने बांधलेले आहेत. त्यामुळे ही परीक्षा मला फार महत्त्वाची वाटत होती.

इथे माझ्यातला कारकून जागा झाला. मी नोकरीची सगळी वर्षं आस्थापना शाखेत काढली. बदल्यांचे आदेश काढणं हे माझं काम. कायदा वाचल्याशिवाय मला झोप येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२: आरसीतला तपशील कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाने करू नये. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हे बजावून सांगितलं आहे. मी चष्मा लावून आरसी वाचलं. इंजिन क्रमांक, चेसिस क्रमांक, रंग, सीसी, आसनसंख्या. गिअरच्या संख्येसाठी रकाना नाही. शाफ्टसाठी रकाना नाही. सरकारी भाषेत याला निरंक म्हणतात. पंधरा वर्षांपुढच्या गाडीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५००० रुपये झालं, ते मी २०२४ मध्ये मुकाट भरलेलं आहे. तेवढ्या पैशांत मला निदान निरंकाचं समाधान मिळायला हरकत नव्हती.

गाडी रस्त्यावर आली. पाचव्या गिअरमध्ये इंजिन खरोखरच शांत झालं. कटकट गेली. स्पीडोमीटर मात्र गिअरबॉक्सवरून चालतो आणि नव्या गिअरबॉक्सचं गणित निराळं, त्यामुळे काटा साठ दाखवतो तेव्हा मोबाइल चोपन्न सांगतो. सौ. म्हणतात, "राहू दे तसंच. साठाला तुम्ही समाधानी असता."

मग काही दिवसांनी गाडी सुरू करताना खालून थडथड आली. चाचा म्हणाले, शाफ्ट आता खमके आहेत, ते ताण पुढे ढकलतात. गिअरबॉक्सचं रबरी माउंटिंग गेलं. माउंटिंग बदललं. मग क्लच जड झाला. क्लचची केबल बदलली. मग पुढच्या चाकांचे ब्रेक इतके चोख लागायला लागले की मागचे किती मंद आहेत ते उघडं पडलं. दर वेळी चाचा बिल करताना एकच गोष्ट सांगायचे, "मालक, नया सामान मजबूत, पुराना सामान दिखने लगा."

या दुखण्याचा मला अनुभव होता. कचेरीत एखाद्या कर्मचाऱ्याबद्दल तक्रारी वाढल्या की साहेब त्याला घरी बसवत नाहीत. त्याची बदली करतात. नव्या तालुक्यात तो काही दिवस नीट वागतो, मग तिथून तक्रार येते, मग पुढची बदली. मी असल्या माणसांच्या फायली बांधता बांधता निवृत्त झालो, ते लोक अजून नोकरीत आहेत. यंत्रातला बिघाड याच जातीचा. आपण त्याला शाफ्टमधून काढतो आणि वाटतं की तो गेला. तो गेलेला नसतो. जिथे साखळीतली कडी सगळ्यांत कच्ची आहे तिथे तो हजर होतो. अण्णांचा जॉबरचा धंदा याच नियमावर चालला: मागाचा एक भाग घट्ट केला की दुसरा बोलायला लागायचा, आणि अण्णांना पुन्हा बोलावणं यायचं. शहाणपण एवढंच की बदलीचं ठिकाण आपण निवडायचं. बिघाड शाफ्टमध्ये असेल तर गाडी महामार्गावर उभी राहते, क्लचच्या केबलमध्ये असेल तर गावातल्या सात रस्ता चौकात, आणि वायपरमध्ये असेल तर सोलापुरात त्याला वर्षातले बरेच महिने कामच नसतं. एक चांगला मेकॅनिक म्हणजे बिघाडाला हळूहळू कमी महत्त्वाच्या खात्यात ढकलत नेणारा माणूस. चाचा हे काम माझ्या साहेबांपेक्षा चोख करतात, आणि वर चहाही स्वतःच्या पैशाने पाजतात.

ताजी स्थिती अशी की बिघाड सध्या मागच्या डाव्या ड्रमब्रेकमध्ये रुजू झाला आहे. कामावर नियमित आहे, सकाळी पहिल्या ब्रेकला कुंईऽ करून हजेरी लावतो. मी त्याची कागदपत्रं चाचांकडे पाठवली आहेत. काच खालीवर करायच्या हँडलमध्ये त्याची सोय करता येईल असं ते म्हणाले. अण्णांचा मात्र त्याला विरोध आहे. त्यांनी परवा बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं. त्यांचं मत, एवढ्या अनुभवी बिघाडाला आता कार्बोरेटरमध्ये बढती द्यायला हवी.