निष्ठेची मनसब

चाकणच्या एका कारखान्यात सुट्या भागांच्या विक्रीचा हुद्दा नुकताच मिळालेला माझा भाचा गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी घरी आला, तेव्हा त्याच्या हातात लॅपटॉप आणि चेहऱ्यावर, वीस-पंचवीस स्थळे पाहून थकलेल्या उपवराच्या चेहऱ्यावर दिसते तसली उदास विवेकबुद्धी होती. महिन्यातून चारदा दिल्ली, दोनदा चेन्नई आणि वर्षाकाठी दोन-तीनदा जर्मनी अशी फिरती कपाळी आल्यामुळे, आपली निष्ठा कोणत्या विमान कंपनीच्या आणि कोणत्या हॉटेलाच्या चरणी वाहावी, या विवंचनेत तो होता. ‘मामा, तुम्ही तीस वर्षं फिरलात, तुम्हीच सांगा,’ असे म्हणून त्याने जो तक्ता उघडला, त्याला सतरा रकाने होते. माझ्या लग्नात पत्रिका जुळवताना आमच्या गुरुजींनीदेखील इतक्या बाजूंनी विचार केल्याचे मला स्मरत नाही.

उत्तरादाखल मी कपाटातला बिस्किटांचा जुना डबा त्याच्यापुढे उपडा केला. त्यातून माझे नाव उठावदार अक्षरांत कोरलेली, कडा झिजलेली सात कार्डे बाहेर पडली. रुपेरी तीन, सोनेरी दोन, आणि दोन अशी की ज्यांच्या कंपन्याच आता इहलोकी नाहीत; त्यांची नावे घेत नाही, कारण मृतांविषयी वाईट बोलू नये असा आपल्याकडे शिरस्ता आहे. त्या दोहोंपैकी एकीच्या दफ्तरी माझे ऐंशी हजार पॉइंट जमा होते. आमच्या सौभाग्यवतींनी त्या पॉइंटांवर सिंगापूरची सहल ठरवून तिच्यासाठी चाकांची बॅगही घेऊन ठेवली होती. ती बॅग गेली कित्येक वर्षे गोधड्या ठेवण्याच्या कामी येते.

या प्रकरणाचा उगम अमेरिकेत आहे. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने प्रवाशांच्या मैलांचा हिशेब ठेवण्यास आरंभ केला, त्याच महिन्यात युनायटेडने तिचा कित्ता गिरवला, आणि दोन वर्षांत हॉटेलवालेही या पंगतीला येऊन बसले. यात कल्पकतेचा जो खरा भाग आहे, तो मात्र मैलांत नसून ‘निष्ठा’ या शब्दाच्या योजनेत आहे. भाडे भरतो मालक, आसनावर बसतो नोकर, आणि त्या नोकराची निष्ठा जमा होते ती तिसऱ्याच कोणाच्या वहीत! जुन्या काळी धन्याच्या खरेदीवर कारकुनाने परस्पर काही हक्क लावला, तर त्याला दस्तुरी म्हणत आणि ती उघडकीस आली तर कारकुनाचे नाव दफ्तरातून कमी होई. आता तीच दस्तुरी कंपनी आपण होऊन आपल्या मोबाइलवर कळवते आणि वर अभिनंदनही करते.

दर्जांची रचना तर थेट मोगलाईतून उचललेली आहे. मनसबदाराला जात आणि सवार असे दोन आकडे असत; आपल्यालाही खर्चायचे पॉइंट निराळे आणि दर्जा ठरवणारे निराळे, असे दोन आकडे दिलेले असतात, आणि ज्याला त्यांतला भेद उमजत नाही तो वर्षअखेरीस फसतो. १६६६ साली आग्र्याच्या दरबारात आपल्याला योग्यतेहून खालच्या रांगेत उभे केले हे ध्यानी येताच शिवछत्रपतींनी भर दरबारात आलमगिराकडे पाठ फिरवली. त्यांचे नाव उठताबसता घेणारे आम्ही मात्र विमानाच्या दाराशी ‘गट क्रमांक दोन’च्या रांगेत, ‘गट क्रमांक चार’कडे अनुकंपेने पाहत, परम संतोषाने उभे असतो. विमान, अर्थात, सर्वांना घेऊन एकाच वेळी उडते.

भाच्याच्या तक्त्यातला सर्वांत मोठा रकाना विनिमयाचा होता. बँकेच्या कार्डावरचे पॉइंट विमान कंपनीत नेले तर किती उरतात, हॉटेलचे विमानात नेले तर किती गळतात, याचा तो हिशेब. पेशवाईत अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना तऱ्हेचे रुपये चालत आणि एकाचा दुसरा करून देताना सराफ बट्टा कापून घेई. त्या सराफाच्या मानाने आजची व्यवस्था पुष्कळच सुधारलेली म्हटली पाहिजे, कारण तेव्हा टांकसाळ एकाची, दुकान दुसऱ्याचे आणि तराजू निदान डोळ्यांसमोर असे. आता तिन्ही एकाच घरात नांदतात आणि काल ज्या नाण्यात दिल्लीचे तिकीट येत होते त्यात आज नागपूरही येत नाही, हे आपल्याला ‘आपला अनुभव अधिक समृद्ध करण्यासाठी’ अशा मथळ्याच्या खलित्याने कळते.

नाही म्हणायला, या खेळात प्रवाशाने कंपनीवर मात केल्याचे उदाहरण आहे. १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या एका अभियंत्याने खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवर मैल देणारी एक योजना बारकाईने वाचली, सुमारे ३,१४० डॉलर खर्चून पुडिंगचे १२,१५० डबे विकत घेतले, त्यांची लेबले काढण्याच्या मोबदल्यात ते सारे पुडिंग धर्मादाय संस्थेला देऊन टाकले, साडेबारा लाख मैल पदरात पाडून घेतले आणि दानाबद्दल प्राप्तिकरातही सूट मिळवली! असा पुरुष शतकातून एखादाच. बाकीच्यांच्या निष्ठेचे काय होते म्हणाल, तर २०२० साली विमाने जमिनीवर खिळली तेव्हा युनायटेडने आपला मैलांचा कार्यक्रमच तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले, आणि त्या कार्यक्रमाची जी किंमत कंपनीने सांगितली ती त्या वेळी शेअर बाजारात असलेल्या समग्र कंपनीच्या किमतीहून अधिक होती. म्हणजे विमाने, इंजिने आणि वैमानिक यांच्यापेक्षा प्रवाशाची निष्ठाच मोलाची ठरली, आणि म्हणूनच ती गहाण पडली.

‘ते सगळं ठीक आहे मामा, पण मी घेऊ काय?’ भाचा म्हणाला.

मग मी त्याला रोकडा सल्ला दिला. पुण्याहून सकाळी सहाला कोणाचे विमान सुटते ते आधी पाहावे आणि मग निष्ठेचा विचार करावा. देशातले निम्म्याहून अधिक प्रवासी इंडिगोने जातात ते काही निष्ठेपोटी नव्हे, तर तिचे विमान तिथे असते म्हणून. जर्मनीची फिरती मात्र एअर इंडियाच्या बाजूने बोलते, कारण ती आणि लुफ्थान्सा एकाच स्टार अलायन्सच्या गोतावळ्यात असल्यामुळे एकीच्या घरचे मैल दुसरीच्या घरी चालतात. मैलांऐवजी भाड्याचे रुपये मोजण्याची जी रीत अमेरिकेत २०१५पासून रूढ झाली, ती एअर इंडियानेही २०२४ साली उचलली. तेव्हा चेन्नईला दिल्लीवरून जाण्याचा, दुसऱ्या पानावर लपवलेला बेत त्याने सोडून द्यावा आणि सर्वांत स्वस्त तिकीट काढणाऱ्या हिशेबनीसाशी गोडीने वागावे, हेही सांगितले. एअर इंडियाच्या या कार्यक्रमाचे नाव आता ‘महाराजा क्लब’ असे आहे. खऱ्या महाराजांना तनखे देण्याची हमी प्रत्यक्ष राज्यघटनेत लिहिलेली होती, ती १९७१ साली घटनादुरुस्तीने रद्द झाली. मग ज्या सनदेच्या तळाशी ‘पूर्वसूचनेवाचून बदल करण्याचा अधिकार राखून’ असे बारीक टायपात छापलेले आहे, तिच्यावर किती विसंबायचे ते ज्याने त्याने ठरवावे.

हॉटेलांविषयी मी फार बोललो नाही. मॅरियटमध्ये वर्षाला २५ रात्री काढल्या की सुवर्ण, ५० काढल्या की प्लॅटिनम आणि ७५ काढल्या की टायटेनियम, असे त्याने वाचून दाखवले, तेव्हा सोन्याला तळाशी घालणारा हा क्रम लक्ष्मी रोडवरच्या कोणत्याही सराफाला हसू आणील आणि टायटेनियम आमच्या वयाचे लोक गुडघ्यात बसवतात, एवढेच मी म्हणालो. शिवाय त्याचे हॉटेल कचेरीतला कारकून एका स्वस्त संकेतस्थळावरून ठरवतो, आणि तसल्या रात्री दर्जाच्या हिशेबात धरत नाहीत, हे त्याच्या सतरा रकान्यांत कुठेच नव्हते. ‘वर्षातून पंचाहत्तर रात्री घराबाहेर काढल्या, तर कार्ड देतील; बायको काय देईल?’ असे सौभाग्यवतींनी चहा ठेवता ठेवता विचारले. भाच्याचे लग्न व्हायचे असल्याने तो प्रश्न माझ्याकडे वळला.

डिसेंबरच्या अठ्ठाविसाव्या तारखेला दुपारी त्याचा दूरध्वनी आला. मागून उद्‌घोषणा ऐकू येत होत्या.

‘मामा, नागपूरला आलोय.’

‘नागपूरला तुमचं काय काम निघालं?’

‘काम काही नाही. वर्ष संपतंय, गोल्डला दोन उड्डाणं कमी पडत होती. पन्नास मिनिटांत परत निघतोय.’

त्याला रागवावे असे क्षणभर मनात आले. पण २००७ सालच्या डिसेंबरात याच कारणास्तव मी हैदराबादच्या विमानतळावर चाळीस मिनिटे उभा होतो आणि घरी मात्र ‘तातडीची बैठक’ असे सांगितले होते, हे आठवून गप्प बसलो. संध्याकाळी तो संत्रा बर्फीचा डबा घेऊन आला. बर्फी चांगली होती. स्वतःच्या खिशातून काढलेल्या जाण्या-येण्याच्या तिकिटांबद्दल त्याची काहीच तक्रार नव्हती. विमानतळावरच्या दुकानदाराने बर्फीच्या बिलावर पॉइंट द्यायला नकार दिला, एवढीच काय ती त्याला हळहळ होती.