हौशी शिकाऱ्यांस जाहीर सूचना

नागपूरच्या प्रताप नगरातील ज्या सद्गृहस्थांच्या दिवाणखान्यात आजोबांनी मारलेल्या सांबराची शिंगे अद्याप टांगलेली आहेत (त्यांचा मालकीदाखला कोठे आहे, असा अप्रशस्त प्रश्न आम्ही विचारीत नाही) आणि ती पाहून ज्यांना दर हिवाळ्यात पराक्रमाचा ज्वर चढतो, त्यांच्या सोयीसाठी प्रचलित नियमांचा हा गोषवारा सादर करीत आहोत.

मध्यप्रांताच्या अमदानीत जंगलाचे ब्लॉक पाडलेले असत आणि साहेबास ठरावीक मुदतीचा परवाना मिळे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानेही ते दार एकदम लावून घेतले नव्हते; विशेष, मोठी आणि लहान अशा प्रतवारीने शिकारीचे परवाने देण्याची तरतूद त्यात होती, ती 1991 च्या दुरुस्तीने गेली. तरीही कावळे, उंदीर आणि फळे खाणारी वटवाघळे ही उपद्रवी मंडळी पाचव्या अनुसूचीत उघड्यावर होती, म्हणजे आमच्या वीरास निदान आपल्या गच्चीवरून कावळा टिपण्याचे शौर्य तरी कायदेशीरपणे गाजवता येत होते. 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच रद्द करून तेही हिरावून घेतले.

राहता राहिले रानडुक्कर. 2015 च्या शासननिर्णयान्वये पिकाची नासाडी करणारे रानडुक्कर अथवा रोही (नीलगाय) मारण्याची परवानगी शेतकऱ्यास मागता येते आणि अर्ज आल्यापासून 24 तासांत वनक्षेत्रपालाने तो निकालात काढावा, अशी अपेक्षा आहे. आता योग कसा जुळून येतो पाहा: उमरेडच्या शेतकऱ्यापाशी हरभरा आहे, डुक्कर आहे, पण बंदूक नाही, प्रताप नगरातील गृहस्थापाशी वडिलोपार्जित बंदूक आहे, तिचा परवाना आहे, उत्साह तर अमूप आहे, पण गच्चीवरील कुंडीतल्या कोथिंबिरीपलीकडे पीक नाही. डुकरापाशी यांपैकी काहीच नसल्यामुळे त्यास कोणताही अर्ज करावा लागत नाही, आणि ते पहिल्याच रात्री आपले काम उरकून जाते. समजा, शेतकरी, बंदूकधारी आणि डुक्कर हे तिघेही एकाच रात्री एकाच धुऱ्यावर हजर झाले, नेम लागला, पंचनामाही झाला. तरी सावजी मसाल्याची पुडी खिशात घालून गेलेल्या वीराने ती तशीच परत आणावी, हे बरे. कारण परवानगीने मारलेले जनावर वन्यजीव अधिनियमाच्या कलम 39 अन्वये सरकारी मालमत्ता ठरते. हरभरा खात असेतो ज्याची जबाबदारी घेण्यास कोणी पुढे येत नव्हते, ते डुक्कर मरताक्षणी सरकारजमा होते, इतकी आपुलकी हयातीत फार थोड्या प्रजाजनांच्या वाट्यास येते.

मासेमारीविषयी थोडक्यात सांगावयाचे तर सुरुंग आणि विष यांस 1897 च्या कायद्यानेच मनाई आहे, आणि ज्या तलावाचा ठेका धीवरांच्या सहकारी संस्थेने पैसे मोजून घेतला आहे तेथे गळ टाकण्यापूर्वी संस्थेस विचारणे हा नियम आणि शिष्टाचार दोन्ही आहे. परदेशी रिळाचा दांडा मिरवणारे आमचे एक परिचित मरळ पकडतात, तिच्याबरोबर छायाचित्र काढून घेतात आणि ती सन्मानपूर्वक पाण्यात सोडतात, हा सोहळा पाहून काठावरच्या म्हाताऱ्या धीवराने विचारले, "सोडाचीच होती त पकडली कायले?" परिचितांनी यावर पर्यावरणविषयक विवेचन केले, ते म्हाताऱ्याने जाळे विणता विणता ऐकून घेतले.

सबब, शौकिनांस उरला तो सफारीचा मार्ग, आणि तो जुन्या वाटेपेक्षा फारसा निराळा नाही. साहेबाचा ब्लॉक होता, तसे आता गेट आहे. वाट दाखविणारा स्थानिक माणूस तेव्हाही होता, आजही आहे. फक्त रायफलीच्या जागी हातभर लांबीची लेन्स आली आहे. वन्यजीव अधिनियमाच्या व्याख्येत मात्र एक खोच आहे: शिकार म्हणजे केवळ ठार मारणे नव्हे, तर पाठलाग करणे, हुसकावणे, आमिष दाखविणे हेही शिकारच. 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूस एफ-2 वाघीण आणि तिचे पाच बछडे यांची वाट पर्यटकांच्या जिप्सींनी दोहोंकडून अडवून धरली, तेव्हा ही व्याख्या कोणाच्या स्मरणात होती असे दिसत नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. ती बातमी आमच्या आळीतील सांबरशिंगवाल्या गृहस्थांनी चौकातील टपरीवर तर्रीपोहे खाताना मोठ्याने वाचून दाखविली, वाघिणीविषयी हळहळ व्यक्त केली आणि लगोलग तक्रार केली, की त्याच तारखेचे बुकिंग मिळावे म्हणून आपण नोव्हेंबरापासून खटपट करीत होतो.