कापलेल्या झाडाची शुश्रूषा

अभिनंदन! मुलांच्या हट्टापुढे मान तुकवून तुम्ही ख्रिसमससाठी फ्रेझर फर जातीचं सात फुटी झाड गाडीच्या टपावर बांधून एडिसन गावातल्या घरी आणलं आहे. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात वाढलेला हा पाहुणा आता महिनाभर तुमच्या दिवाणखान्यात मुक्कामाला आहे. त्याला मुळं नाहीत. तरी प्रकृती ठणठणीत ठेवायची आहे. रुग्णाच्या अवस्थेबद्दल मुलांसमोर बोलू नये.

१. तपासणी. ही खरं तर विकत घेतानाच करायची. फांदी चिमटीत धरून हलकेच आपल्याकडे ओढावी. आतल्या चार तपकिरी सुया पडल्या तर चालतं. हिरव्या मूठभर हातात आल्या, तर पुढचं झाड बघावं. मंडईत भेंडीचं टोक मोडून बघणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

२. शस्त्रक्रिया. झाड तोडल्यावर काही तासांतच बुंध्याचा काप राळेने बुजू लागतो आणि पाणी वर चढत नाही. म्हणून घरी आल्यावर तळाची अर्धा ते एक इंच जाडीची चकती करवतीने कापून टाकावी. काप सरळ हवा, तिरका नको. करवत शेजाऱ्याकडे मिळते. तिच्याबरोबर शेजारीही येतो. बुंधा स्टँडमध्ये बसत नाही असं दिसताच घरातले बाबा सुरी घेऊन तो गाजरासारखा तासायला निघतील. त्यांना चहा देऊन बसवावं. पाणी वर नेणारं लाकूड सालीला लागूनच असतं. तासण्यापेक्षा मोठा स्टँड आणावा.

३. आहार. साधं नळाचं पाणी. बुंध्याच्या दर इंच जाडीमागे रोज साधारण एक लिटर, म्हणजे चार इंची बुंध्याला चार लिटर. तुळशीचं तांब्याभर पाण्यात भागतं. इथे हिशेब बादलीचा आहे.

४. पथ्य. आजाऱ्याला बघायला आलेला मराठी माणूस सल्ला दिल्याशिवाय उठत नाही. कुणी पाण्यात साखर घालायला सांगेल, कुणी ऍस्पिरिन. सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई म्हणतील, "मी कढीपत्त्याला ताकाचं पाणी घालते, बघ कसा तरारतो!" इथे "आई, कढीपत्त्याला मुळं असतात" हे उत्तर जिभेवर येईल. मुलं जवळच बसली आहेत. गिळावं. यातल्या कशाचीही झाडाला गरज नसते.

५. हवामान. फायरप्लेस आणि हीटरच्या जाळीपासून झाड किमान तीन फूट लांब ठेवावं. कोरड्या गरम हवेत ते लवकर वाळतं आणि वाळलेलं झाड झपाट्याने पेट घेतं. झाडाला गारवा मानवतो, सासूबाईंना मानवत नाही. दोघांपैकी झाड हलवणं सोपं. माळ एलईडीची लावावी, ती फारशी तापत नाही. दिवाळीत दोन ठिकाणी चिकटपट्टी लावून चालवलेली माळ खोक्यातच राहू द्यावी. झोपताना आणि बाहेर जाताना दिवे बंद.

६. निरोप. फांद्या कडक झाल्या आणि सुयांचा सडा पडू लागला की मुक्काम संपला. फायरप्लेसमध्ये अग्निसंस्कार करू नयेत. धुराड्यात राळेची काजळी साचते आणि तीच पुढे पेटते. सगळे दागिने उतरवून झाड रस्त्याच्या कडेला ठेवावं. बऱ्याच गावांत जानेवारीत नगरपालिकेची गाडी ते उचलून नेते आणि त्याचे तुकडे बागांत आच्छादन म्हणून पसरले जातात. गणपतीच्या सवयीने "पुढच्या वर्षी लवकर या" तोंडात येईल. पण पुढच्या वर्षी येणारं झाड दुसरं असेल.

यातलं बाकी सगळं विसरलात तरी एक विसरू नका. रोज रात्री दिवे मालवण्यापूर्वी स्टँडमध्ये बोट बुडवून बघा. पाणी कापाच्या खाली गेलं की राळ पुन्हा तोंड बुजवते, आणि या वेळी सजवलेल्या झाडाखाली करवत घेऊन कुणालाच शिरता येत नाही. जा, आत्ताच बघून या.