जांघेतले वळ

गरोदर बाईच्या पोटावरच्या रेघांची आपल्याकडे फार काळजी. पोट दिसायला लागलं की घरातल्या बायका बजावतात, 'खाजवू नकोस हं, वळ उठतील.' खाजवण्याचा आणि या वळांचा काही संबंध नाही. पोट झपाट्याने वाढतं, शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि कातडीच्या आतल्या थरातले कोलॅजेन-इलास्टिनचे धागे तुटतात. आईला आले असतील तर लेकीला येण्याची शक्यता जास्त. 2012 साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात 800 बायकांवरच्या सहा चाचण्या तपासल्या गेल्या. मलमं लावून हे वळ टळतात असा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. तरी महागड्या तेलांच्या बाटल्या खपताहेत. कोरड्या कातडीला बरं वाटावं म्हणून तेल चोळायचं तर घरातलं खोबरेल पुरे. हे वळ आजार नव्हेत, त्यांची लाज तर मुळीच नको.

ज्यांच्यासाठी आरडाओरडा करायला हवा, ते वळ जांघेत असतात आणि कुणी दाखवत नाही.

पावसाळ्यात ओल्या कपड्यांनी, घामाने, घट्ट जीन्सने जांघेत नायटा होतो. डॉक्टरला दाखवायची लाज वाटते, म्हणून पोरगा मेडिकलमध्ये जाऊन हळूच सांगतो, 'खाज येतेय, काहीतरी द्या.' समोर ट्यूब येते. तिच्यात बुरशीचं औषध असतं, जंतूंचं असतं आणि बरेचदा क्लोबेटासॉलसारखं जहाल स्टेरॉईडही असतं. दोन दिवसांत खाज थांबते. नायटा मात्र थांबत नाही. स्टेरॉईडने फक्त सूज आणि खाज दाबलेली असते, खाली बुरशी पसरतच असते. ट्यूब सोडली की खाज दुप्पट, म्हणून दुसरी ट्यूब. मग घरातल्या सगळ्यांना तीच.

जांघेची कातडी मुळात पातळ, त्यात घडीमध्ये झाकलेली. तिथे औषध जास्त मुरतं. स्टेरॉईड कोलॅजेन तयार होऊ देत नाही, कातडी विरत जाते आणि फाटते. विशी-बाविशीच्या पोरांच्या मांडीवर बोटाएवढे रुंद, जांभळट, हाताला खोलगट लागणारे पट्टे उमटतात ते असे. हे पट्टे आयुष्यभर राहतात.

उपचार आहेत, पण मर्यादित. वळ ताजे, लालसर असताना ट्रेटिनॉइन किंवा लेसरने थोडे फिके होतात (ट्रेटिनॉइन गरोदरपणात वर्ज्य). पांढरे पडले की आणखी अवघड. आपल्या सावळ्या कातडीवर लेसर जपून वापरावा लागतो, नाहीतर काळे डाग पडतात. पूर्ण पुसून टाकणारं काहीही नाही, जाहिरात काहीही म्हणो.

सरकारने 2018 मध्ये अशी स्टेरॉईड मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली. नियम कागदावर आहे, ट्यूब काउंटरवर. मेडिकलवाल्यांनो, चिठ्ठी मागा; त्यात तुमचं पन्नास रुपयांचं नुकसान होईल, पण एका पोराची कातडी वाचेल.

आणि घरच्यांनी आजच कपाटातली ट्यूब काढून मागची बारीक अक्षरं वाचावीत. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं आणि ती डॉक्टरांनी लिहून दिलेली नसेल, तर ट्यूब घेऊन थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. पोराला सोबत न्या, तो एकटा जाणार नाही.